बांधकामपूर्व पुरातत्त्वीय सर्वेक्षण

रस्ता, रेल्वेमार्ग, धरण, कालवा, विमानतळ किंवा सार्वजनिक इमारत उभारण्याआधी त्या जमिनीत जुन्या वस्तीचे, दफनांचे, शेतीचे वा कारागिरीचे अवशेष आहेत का, असल्यास ते किती खोल, किती पसरलेले आणि कोणत्या स्थितीत आहेत, हे ठरवण्यासाठी केली जाणारी पद्धतशीर पाहणी. अवशेष सापडले तर तीन मार्ग उरतात : प्रकल्पाची जागा किंवा आराखडा बदलून ते जागच्या जागी राखणे, ते शक्य नसेल तर बांधकामापूर्वी शास्त्रशुद्ध उत्खनन करून त्यांची पूर्ण नोंद घेणे, आणि क्वचित एखादी वास्तू उचलून दुसरीकडे उभारणे. यांपैकी पहिला मार्ग सर्वांत चांगला, कारण उत्खनन हाही एक प्रकारचा नाशच असतो. एकदा काढलेला थर पुन्हा रचता येत नाही; मागे उरतात त्या वस्तू, मातीचे नमुने, नकाशे, छायाचित्रे आणि नोंदवह्या.

संशोधनासाठी केलेल्या उत्खननात जागा पुरातत्त्वज्ञ निवडतो. इथे ती अभियंत्याने निवडलेली असते. ही अडचण वाटली तरी तिचा एक मोठा लाभ झाला आहे. महामार्ग किंवा वायुवाहिनी शेते, माळ आणि नदीकाठ कापत सरळ जाते, त्यामुळे संशोधक ज्यांच्याकडे कधी वळले नसते अशा साध्या शेतवस्त्या, भट्ट्या, बांध आणि जुन्या वाटा उजेडात येतात. राजधान्या, देवळे आणि राजांची थडगी यांच्यापलीकडचा, सामान्य माणसांचा भूतकाळ अनेक देशांत याच कामातून समजू लागला.

पूर्वपीठिका

पाहणी न करता बांधले की काय होते, याचे हडप्पा हे ठळक उदाहरण आहे. १८५० च्या दशकात लाहोर–मुलतान रेल्वेमार्गासाठी खडी-भराव हवा होता. ठेकेदारांना हडप्प्याच्या टेकाडात उत्तम भाजलेल्या विटा मिळाल्या आणि सुमारे १६० किमी. लोहमार्गाखाली त्या पसरल्या गेल्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी पुढे हे स्थळ पुन्हा पाहिले, तेव्हा त्याची बरीच लूट झालेली होती. तिथले पद्धतशीर उत्खनन सुरू व्हायला १९२१ साल उजाडले. सिंधू संस्कृतीच्या या महानगराचे वरचे थर कसे होते, हे आता कोणालाच पूर्णपणे सांगता येणार नाही.

मुद्दाम आखलेल्या पाहणीचे एक आरंभीचे उदाहरण नूबियातील, म्हणजे दक्षिण ईजिप्त आणि उत्तर सूदानमधील नाईलच्या खोऱ्यातील आहे. नाईलवरील जुन्या आस्वान धरणाची उंची वाढवायचे ठरल्यावर बुडणाऱ्या खोऱ्याचे १९०७–११ या काळात सर्वेक्षण झाले. ते अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज राइझ्नर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले आणि हजारो थडगी त्यात तपासली गेली. याच खोऱ्यात नवे उंच धरण बांधायचे ठरल्यावर यूनेस्कोने १९६० मध्ये जगाला आवाहन केले. अबू सिंबेलची मंदिरे १९६४–६८ या काळात कापून, मूळ जागेहून सुमारे ६५ मी. उंच आणि २०० मी. मागे पुन्हा उभारली गेली. लोकांच्या स्मरणात तेवढेच राहिले आहे. प्रत्यक्षात निरनिराळ्या देशांच्या पथकांनी ईजिप्त आणि सूदानमध्ये पाण्याखाली जाणाऱ्या शेकडो लहानमोठ्या स्थळांची जी नोंद केली, ती विद्येच्या दृष्टीने मंदिरांइतकीच मोलाची आहे.

भारतात नागार्जुनसागर धरणाच्या वेळी असेच काम झाले. इक्ष्वाकू राजघराण्याची राजधानी विजयपुरी, म्हणजे नागार्जुनकोंडा, जलाशयात जाणार हे ठरल्यावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९५४ ते १९६० या काळात सारे खोरे पिंजून काढले. अश्मयुगीन हत्यारांपासून मध्ययुगीन वास्तूंपर्यंतचे अवशेष त्यात मिळाले. निवडक वास्तू उचलून टेकडीवर पुन्हा रचण्यात आल्या; जलाशय भरल्यावर ती टेकडी बेट झाली आणि तिथे संग्रहालय उभे राहिले.

कायद्यांची वाटचाल

जपानमध्ये सांस्कृतिक मालमत्तेच्या रक्षणाचा कायदा १९५० पासून आहे. ज्ञात पुरास्थळी बांधकाम करायचे तर आधी कळवावे लागते आणि तिथली बहुसंख्य उत्खनने आज बांधकामांच्याच निमित्ताने होतात. अमेरिकेत युद्धोत्तर धरणांच्या काळात, १९४६ पासून, नदीखोऱ्यांची मोठी पाहणी मोहीम चालली. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याचे कलम १०६ असे सांगते की, केंद्र सरकार ज्या कामाला पैसा, परवाना किंवा मंजुरी देते, त्याचा ऐतिहासिक स्थळांवर होणारा परिणाम संबंधित सरकारी खात्याने आधी विचारात घेतला पाहिजे. हे कलम स्थळ वाचवण्याची हमी देत नाही. विचार केल्याशिवाय पुढे जाऊ नका, इतकेच बंधन घालते. तरीही अमेरिकेतील पुरातत्त्वाचा बहुतांश व्यवसाय याच एका कलमावर उभा राहिला. यूनेस्कोने १९६८ मध्ये सार्वजनिक व खासगी बांधकामांमुळे धोक्यात येणाऱ्या सांस्कृतिक ठेव्यासंबंधी शिफारस संमत केली.

इंग्लंडमध्ये १९८९ साली लंडनच्या साउथवर्क भागात कार्यालयाची इमारत बांधताना सोळाव्या शतकातील ‘रोझ’ नाट्यगृहाचा पाया सापडला आणि मोठे जनआंदोलन झाले. इमारतीचा आराखडा बदलून अवशेष तळाशी राखले गेले. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, सरकारने नियोजनविषयक मार्गदर्शिका काढली. परवानगी मागण्याआधी जमीन तपासणे ही बांधणाऱ्याची जबाबदारी ठरली आणि जो जमीन हलवतो त्याने खर्च सोसावा हे तत्त्व रुळले. पुरातत्त्वीय वारशाच्या रक्षणासंबंधीच्या १९९२ च्या व्हॅलेटा करारामुळे ते युरोपभर पोचले. फ्रान्सने २००१ च्या कायद्याने वेगळी वाट धरली : तपासणी कुठे करायची हे शासन ठरवते आणि तिच्यासाठी बांधणाऱ्यांकडून शुल्क घेते.

भारतात केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती १०० मी. पर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मी. पर्यंत नियंत्रण आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने ते पक्के झाले. पण ही तरतूद यादीत आलेल्या स्मारकांपुरती आहे. जे जमिनीखाली आहे आणि अजून कोणाला माहीतच नाही, त्याला यादीचा उपयोग नाही. बांधकामपूर्व पाहणीची खरी गरज नेमकी तिथे आहे.

पाहणीच्या पायऱ्या

काम कागदापासून सुरू होते. जुने नकाशे, महसुली दप्तर, गॅझेटियर, पूर्वीचे उत्खनन-अहवाल, हवाई छायाचित्रे आणि उपग्रहचित्रे तपासली जातात. कोरड्या हंगामात काढलेली छायाचित्रे बोलकी असतात : बुजलेल्या चरावर ओल टिकते म्हणून पीक उंच व हिरवे दिसते, पुरलेल्या भिंतीवर ते खुरटते, आणि वरून पाहिल्यावर जुन्या घरांचा आराखडा उमटतो. दाट झाडीखालचे उंचवटे आणि तट लायडारच्या, म्हणजे विमानातून लेझर झोत टाकून केलेल्या, मोजणीतून कळतात. स्थानिक लोकांशी बोलणे हाही याच टप्प्याचा भाग असला पाहिजे. शेतात खापरे कुठे निघतात, नांगर कुठे दगडाला अडतो, कोणत्या टेकाडाची पांढरी माती लोक खत म्हणून नेत आले, ही माहिती कुठल्याच नकाशावर नसते.

त्यानंतर पायी पाहणी. नांगरट होऊन एकदोन सरी पडल्या की माती धुतली जाते आणि खापरे, गारगोटीचे छिलके, मणी, धातुमळी वर दिसू लागतात. चमूतील माणसे ठरावीक अंतर ठेवून एका रेषेत चालतात आणि प्रत्येक वस्तूची जागा नोंदतात. नदीच्या गाळाखाली अवशेष खोल गेलेले असतील, तर मात्र वर काहीच दिसत नाही. तिथे वेधन करून, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून, मातीचे नमुने काढावे लागतात.

भूभौतिक उपकरणे जमीन न उकरता आतला अंदाज देतात. चुंबकमापीला चुली, भट्ट्या आणि बुजलेले चर कळतात, कारण भाजलेल्या आणि सेंद्रिय भर पडलेल्या मातीचे चुंबकत्व बदललेले असते. विद्युत रोधाच्या मोजणीत दगडी भिंत जास्त रोध दाखवते आणि ओलसर चर कमी. भूभेदी रडारने खोलीचाही अंदाज येतो, मात्र ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी लवकर विरतात. बेसॉल्टसारख्या अग्निजन्य खडकावर चुंबकमापीची वाचने गोंधळतात. म्हणून एकाच उपकरणावर भिस्त ठेवणे धोक्याचे असते.

शेवटची आणि सर्वांत निर्णायक पायरी म्हणजे चाचणी चर. खोदयंत्राला दात नसलेली, सपाट धारेची बादली लावतात. यंत्र मागे सरकत काही सेंमी.चा एकेक पापुद्रा काढते आणि पुरातत्त्वज्ञ बादलीशेजारी उभा राहून मातीचा रंग बघत असतो. पिवळसर मातीत काळपट गोल डाग दिसला की तो हात वर करून यंत्र थांबवतो. तो डाग म्हणजे कुजून गेलेल्या खांबाचा खळगा असू शकतो. असे डाग ओळीत किंवा वर्तुळात आले तर तिथे घर होते. मग थापीने अर्धा खळगा रिकामा करून उभा छेद काढतात, रेखाटतात, कोळशाचे आणि बियांचे नमुने घेतात. इंग्लंडमध्ये क्षेत्राच्या साधारण २ ते ५ टक्के, तर फ्रान्समध्ये ५ ते १० टक्के भाग असा उघडला जातो. लांबलचक तटबंदी किंवा जुना बुजलेला चर अशा चाचणी चरांच्या जाळीत हमखास सापडतो; एकटेदुकटे दफन किंवा शिकाऱ्यांचा चार दिवसांचा तळ मात्र दोन चाचणी चरांच्या मधे सहज निसटतो. म्हणूनच पाहणीत काही सापडले नाही, एवढ्यावरून तिथे काही नाही असे म्हणता येत नाही. बांधकाम चालू असताना देखरेख ठेवणे आणि अचानक काही आढळल्यास काम थांबवण्याची कार्यपद्धती आधीच ठरवणे आवश्यक असते. जागतिक बँकेसारख्या संस्थांच्या अर्थसाहाय्याच्या अटींत अशी कार्यपद्धती असते.

वेळेचे महत्त्व

सर्वेक्षणाचे यश उपकरणांपेक्षा ते कधी केले यावर अधिक अवलंबून असते. मार्गाची आखणी कागदावर असते तेव्हा ती शंभर मीटर सरकवणे नकाशावरचा बदल असतो. भूसंपादन होऊन, निविदा निघून, यंत्रे दाराशी आल्यावर तोच बदल कोट्यवधींचा होतो, आणि मग पुरातत्त्वज्ञाकडे उरते ती फक्त घाई.

न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली संघीय कार्यालयाची इमारत बांधायला घेतली, तेव्हा अठराव्या शतकातील नकाशावर त्या परिसरात आफ्रिकी लोकांची दफनभूमी दाखवलेली आहे हे पाहणी करणाऱ्यांना ठाऊक होते. पण नंतरच्या इमारतींच्या तळघरांनी ती नष्ट केली असेल असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात जुन्या भरावाच्या जाड थराखाली दफने शाबूत होती. ४०० हून अधिक निघाली. गुलामगिरीत जगलेल्या आपल्या पूर्वजांच्या अस्थी वेळापत्रकाच्या दडपणाखाली काढल्या जात आहेत, हे कळल्यावर आफ्रिकी-अमेरिकी समाज उभा ठाकला आणि १९९२ मध्ये उत्खनन थांबवावे लागले. अस्थी २००३ मध्ये सन्मानाने पुन्हा दफन झाल्या. २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. दफनांच्या बाबतीत वंशजांना आधी विचारणे हा पाहणीचाच भाग आहे, ही जाणीव या प्रकरणाने खोल रुजवली.

जपानच्या आओमोरी प्रांतात बेसबॉल मैदानासाठी १९९२ मध्ये सान्नाइ-मारुयामा इथे उत्खनन सुरू झाले. तिथे जोमोन या जपानच्या प्रागैतिहासिक काळातील प्रचंड वसाहत निघाली. सहा खळगे दोन ओळींत आढळले, प्रत्येक सुमारे २ मी. रुंद आणि २ मी. खोल, एकमेकांपासून ४.२ मी. अंतरावर, तळाशी सुमारे १ मी. जाडीच्या चेस्टनट खांबांचे बुंधे टिकून होते. मैदानाचे काम सुरू झालेले असूनही प्रांताने १९९४ मध्ये ते थांबवले आणि स्थळ राखले. २०२१ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले.

इस्तंबूलच्या येनिकापी स्थानकाची गोष्ट निराळी. बोस्फोरसखालच्या रेल्वेसाठी २००४ पासून खोदताना रोमन सम्राट थिओडोशिअसचे बुजलेले बंदर आणि ३७ जहाजांचे अवशेष मिळाले. आणखी खाली नवाश्मयुगीन वस्ती होती. मार्ग उघडायला २०१३ साल लागले. या विलंबाचा दोष अवशेषांवर टाकला गेला, पण तो न्याय्य नाही. दीड हजार वर्षे राजधानी असलेल्या शहराच्या किनाऱ्यावर खोदताना वेळापत्रकात पुरातत्त्वाला जागा ठेवायलाच हवी होती.

अहवाल आणि पुढचे काम

प्रत्यक्ष जागेवरचे काम संपल्यावर खापरे धुणे, क्रमांक घालणे, हाडे व बिया ओळखणे, कार्बन कालमापन आणि अहवाललेखन हे सारे पुष्कळदा उत्खननापेक्षा जास्त वेळ घेते, आणि निधी आटतो तो नेमका याच टप्प्यावर. सर्वांत कमी बोलीला काम देण्याच्या पद्धतीत कसरही इथेच लागते. अनेक अहवाल कार्यालयाच्या कपाटात पडून राहतात. छापले न गेल्याने पुढच्या अभ्यासकाला त्यांचा पत्ता लागत नाही. इंग्लंडमध्ये असे हजारो अहवाल आता इंटरनेटवर सर्वांसाठी खुले आहेत आणि शेजारच्या जमिनीची नवी पाहणी त्यांच्या वाचनाने सुरू होते. वस्तूंच्या साठवणीचा प्रश्न मात्र तिथेही सुटलेला नाही : संग्रहालयांची कोठारे भरत चालली आहेत, आणि काय कायम ठेवायचे, काय नोंदून पुन्हा मातीत ठेवायचे, हे उत्खननाच्या आराखड्यातच ठरवावे असा आग्रह वाढत आहे.