पारोस की नाक्सोस? क्वाड भाड्याने घेण्याआधी

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून ग्रीसच्या सायक्लेडीज बेटांकडे निघालेली मोठी फेरीबोट बहुतेक वेळा आधी पारोसला थांबते, मग नाक्सोसला, आणि मग सान्तोरिनीकडे निघते. पारोस ते नाक्सोस तासाभराचाही प्रवास नाही. डेकवरून बघावं तर दोन्ही बेटं सारखीच. बंदर पश्चिमेला, मागे पांढऱ्या घरांची उतरंड, वर व्हेनिसवाल्यांच्या काळातला कास्त्रो, म्हणजे किल्ला. संगमरवर दोन्हीकडचा प्रसिद्ध. मग सहल आखणारा ज्या बेटाचं तिकीट सोयीचं तिथे उतरायचं ठरवतो आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘तिथे क्वाड (हॅण्डल असलेली उघडी चारचाकी) घेऊ आणि फिरू.’

पारोसवर हे वाक्य अगदी बरोबर आहे. नाक्सोसवर ते फक्त किनाऱ्यापुरतं खरं आहे.

पारोसचं क्षेत्रफळ 200 चौरस किलोमीटरच्या थोडं आत, नाक्सोसचं सुमारे 430, म्हणजे दुपटीहून जास्त. त्याहून महत्त्वाची आहे उंची. पारोसचा डोंगर मधोमध, 770 मीटरच्या आसपास, आणि रस्ता त्याला वळसा घालून जातो. नाक्सोसचा झास हजार मीटरच्या किंचित वर, सायक्लेडीजमधला सर्वांत उंच. आणि तिथली बघण्यासारखी गावं नेमकी त्याच्या अंगाखांद्यावर बसलेली आहेत. नकाशात बोटभर दिसणारं अंतर तिथे चढ, वळण, उतार, पुन्हा वळण असं वाढत जातं.

याचा क्वाडशी काय संबंध? चार चाकं दिसली की आपण तिला छोटी मोटार समजतो, तिथेच गफलत होते. भाड्याच्या बऱ्याच क्वाडमध्ये मागची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर असतात, मधे डिफरन्शियल नसतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. मोटार ते आपोआप जमवून घेते. इथे दोन्ही चाकं सारखीच फिरतात, त्यामुळे डांबरावर क्वाडचा ओढा सरळ जाण्याकडे. हॅण्डल दोन्ही हातांनी रेटावं लागतं, शिवाय अंग वळणाच्या आतल्या बाजूला टाकावं लागतं. मागे बसलेल्यानेही तेच करायचं, नाहीतर पुढच्याची सगळी मेहनत फुकट. अ‍ॅक्सिलरेटर उजव्या अंगठ्याने दाबून धरायचा असतो. लांबच्या चढावर त्या अंगठ्याला रग लागते. टायर फुगीर, कमी हवेचे, मुळात मातीसाठी केलेले.

आणि जन्मभर स्कूटर चालवलेल्या पुणेकराने एक गोष्ट आधी विसरायची: वेग कमी झाला की पाय खाली टेकवणं. क्वाडवर टेकवलेल्या पायामागून मागचं चाक येतं. पाय फूटरेस्टवरच, काहीही झालं तरी.

आता पारोस. पारिकिया या बंदराच्या गावाहून नाउसा दहा-अकरा किलोमीटर, लेफकेसही साधारण तेवढंच. म्हणजे अंगठा दुखायच्या आत उतरायची जागा येते. माझ्या मते पहिला थांबा समुद्राचा नाहीच, तो खाणींचा. लेफकेसच्या रस्त्यावर पाच-एक किलोमीटरवर माराथी नावाचं गाव आहे (हो, हेच नाव), त्याच्याजवळ प्राचीन संगमरवराच्या खाणी. इथला उत्तम दगड उघड्यावर नव्हे, जमिनीखाली बोगदे खणून, दिव्याच्या उजेडात काढायचे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली मिलोची व्हीनस आणि सामोथ्रेसची पंखवाली नाइकी, दोन्ही पारोसच्या दगडातल्या. बोगद्याचं तोंड उतरत्या तिरक्या भेगेसारखं आहे, पायाखाली सुटे चिरे. मोबाइलची बॅटरी लावली की भिंत नुसती पांढरी दिसत नाही, उजेड थोडासा आत मुरतो आणि कड दुधाळ होते. मोठी बस इथे थांबवून कोणी उतरत नाही. क्वाड कडेला लावता येते, हीच तिची खरी कमाई.

पुढे लेफकेस: चाच्यांच्या भीतीने आत डोंगरात वसलेलं, एके काळचं राजधानीचं गाव. क्वाड वेशीवर ठेवायची. आतल्या गल्ल्या पायांच्याच. तिथून बायझंटाइन काळची फरसबंद पायवाट प्रोद्रोमोसकडे उतरते. तीही पायीच, नाहीतर गावकऱ्यांच्या शिव्या खाव्या लागतील. मग पूर्व किनाऱ्याने ख्रिसी आक्ती, द्रिओस, आलिकी असं खाली वळत पुंता. पुंताहून अँटिपारोसची गाड्या नेणारी छोटी फेरी दहा मिनिटांत पलीकडे पोचवते. अँटिपारोसची गुहा चारशेहून जास्त पायऱ्या उतरून बघायची असते. 1673 च्या नाताळात फ्रेंच राजदूत मार्की द न्वांतेल याने तिथे प्रार्थना करवून घेतली होती. भाड्याची क्वाड या फेरीत चढवायला परवानगी आहे का, हे मात्र दुकानदाराला आधी विचारायचं.

नाक्सोसवर चित्र बदलतं. होरा, म्हणजे बंदराचं मुख्य गाव. तिथून दक्षिणेला आयिओस प्रोकोपिओस, आयिया आना, प्लाका असा सपाट किनारा. प्लाकाचा रस्ता जागोजागी कच्चा. इथे क्वाड मजेत चालते आणि टॉवेल-पाण्याच्या बाटल्या मागे बांधून दिवस निघतो. बंदरातली पोर्तारा, म्हणजे इसवी सनपूर्व सहाव्या शतकात सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा, तर होरातून चालतच गाठायची.

पण नाक्सोसचा जीव आत आहे. हाल्कीत कित्रोन या स्थानिक मद्याची 1896 पासून चालू असलेली भट्टी, झासच्या पायथ्याचं फिलोती, त्यापुढे गल्ल्यांतही संगमरवर घातलेलं आपिरांथोस, मग कोरोनोसच्या बाजूच्या एमरी दगडाच्या खाणी. आणि पार उत्तरेला आपोलोनासच्या खाणीत पडून असलेला साडेदहा मीटरहून लांब पुतळा: दाढीवाला, अर्धवट कोरलेला, अडीच हजारांहून जास्त वर्षं उठलाच नाही. होरातून आतल्या वाटेने तिथवर पन्नासेक किलोमीटर पडतात. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलेल्याला ही वळणं नवी नाहीत, पण तो घाट कोणी मातीसाठी केलेले टायर आणि दुखरा अंगठा घेऊन चढत नाही. दोघं बसलेली छोट्या इंजिनाची क्वाड चढावर रांगते, मागे गाड्यांची शेपटी लागते, आणि त्या दडपणाखाली नवखा चालक वळणावर नको तेवढा वेग ठेवतो. कठड्याशी छोट्या देवळासारख्या लोखंडी पेट्या दिसतात, आत तेलाचा दिवा आणि संताचं चित्र. त्यातल्या पुष्कळ अपघाताच्या जागी कुटुंबीयांनी उभारलेल्या असतात.

नाक्सोसला आत जायचंच असेल तर मोटार घ्या, किंवा केतेलची, म्हणजे तिथल्या सार्वजनिक सेवेची, बस. क्वाडचा हट्टच असेल तर मोठ्या इंजिनाची, आपिरांथोसपर्यंतच, आणि होरातून निघतानाच टाकी भरून. डोंगरात पंप विरळ आहेत.

जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा दोन्ही बेटांना झोडपतो. पारोसवर त्या दिवशी दक्षिण बाजू धरता येते. नाक्सोसच्या खिंडीत तो अचानक आडवा येतो, आणि उंच बसवलेल्या, अरुंद क्वाडला तो मोटारीपेक्षा जास्त जाणवतो. हेल्मेट दोघांनाही कायद्याने लागतं; डोळ्यांत वाळू जाते म्हणून काच असलेलंच मागा.

कागदपत्रांत दोन्ही बेटं सारखी. गाडी उजव्या बाजूने चालवायची. आपल्याकडच्या परवान्यावर चारचाकीची नोंद हवी, नुसता मोटारसायकलचा परवाना चालत नाही. सोबत आरटीओकडून घेतलेलं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. ते ग्रीसला पोचल्यावर मिळत नाही, निघण्यापूर्वीच काढावं लागतं. भाडेकरारात कच्च्या रस्त्यावरचं नुकसान विम्यातून वगळलेलं असू शकतं. प्लाकाला जायचं असेल तर ते कलम सही करण्याआधी वाचून घ्या, आणि क्वाड ताब्यात घेताना आधीच्या ओरखड्यांचा व्हिडिओ दुकानदारासमोरच काढा.