मुठेच्या धरणांचा हिशेब : कालवा, शहर आणि नदी

पुण्याच्या पाण्याचा वाद दर उन्हाळ्यात शहर विरुद्ध ग्रामीण भाग अशा स्वरूपात समोर येतो. महापालिका मंजूर कोट्यापेक्षा अधिक पाणी उचलते, असे जलसंपदा विभागाचे म्हणणे असते. दौंड-इंदापूरचे शेतकरी आवर्तन (कालव्यातून शेतीला ठरावीक काळाने सोडले जाणारे पाणी) लांबल्याची तक्रार करतात. आणि महापालिका वाढलेल्या लोकसंख्येकडे बोट दाखवते. या तिघांच्या मांडणीत खडकवासल्याच्या भिंतीखालची मुठा नदी कुठेच येत नाही. असे का झाले, हे कळण्यासाठी ही धरणे कोणत्या क्रमाने आणि कोणत्या गरजेपोटी उभी राहिली, ते पाहावे लागते.

पेशवाईत, अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी बंदिस्त नळाने शहरातील हौदांपर्यंत आणले होते. हे पाणी मुठेच्या मुख्य प्रवाहातले नव्हते. नदीच अडवण्याचा विचार ब्रिटिश अमदानीतला. रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी फाइफ यांच्या आराखड्यानुसार १८६९ ते १८७९ या काळात खडकवासल्याचे दगडी धरण बांधले गेले आणि त्याच्या जलाशयाला बरीच वर्षे ‘लेक फाइफ’ असेच म्हटले जाई. पुण्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण टापूला कालव्याने पाणी देणे हा त्याचा मुख्य हेतू होता आणि त्याच कालव्यातून शहराची व लष्करी छावण्यांची तहान भागवायची होती. म्हणजे पुणे पहिल्यापासून कालव्याचे एक गिऱ्हाईक होते. मुंबईचे तसे नाही. विहार, तुळशी, तानसा आणि मोडकसागर ही मुंबई महापालिकेची स्वतःची धरणे आहेत. पुण्याला मात्र आजही राज्याच्या जलसंपदा विभागाकडून पाणी घ्यावे लागते, आणि दरवर्षीच्या वादातील निम्मी कटुता या मालकीच्या प्रश्नातून येते, असे माझे मत आहे.

स्वातंत्र्यानंतर एकट्या खडकवासल्याचा साठा पुरेनासा झाला, म्हणून सह्याद्रीच्या आणखी आत, आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण हाती घेण्यात आले. काम पुरे होण्याआधीच त्यात पावसाळ्याचे पाणी साठले आणि १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची जुनी भिंतही टिकली नाही. पुण्याच्या स्मृतीत हा दिवस पुराचा म्हणून कोरला गेला आहे, पण पूर ओसरल्यावर नळाला पाणी नाही आणि लोक जुन्या विहिरींकडे धावत आहेत, ही त्याच घटनेची दुसरी बाजू होती. नदी, कालवा आणि शहर ही तिन्ही एकाच साठ्याला बांधलेली आहेत, हे त्या आठवड्यात जितके उघड झाले तितके एरवी कधी होत नाही.

पुढे खडकवासला दरवाजांसह नव्याने उभारले गेले, पानशेत पुन्हा बांधले गेले, मोसे नदीवर वरसगाव आणि अखेरीस मुठेच्या उगमाजवळ टेमघर झाले. या शेवटच्या धरणाला इतकी गळती लागली की ते रिकामे करून ग्राउटिंग (भेगांत सिमेंटचे मिश्रण भरणे) करावे लागले. चौघांचा उपयुक्त साठा मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) होतो : वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला अवघा १.९७. म्हणजे ज्या धरणातून सगळे पाणी बाहेर पडते, तेच सर्वांत लहान आहे. वरची तिन्ही धरणे भरली की अतिवृष्टीत येणारे पाणी थोपवायला खडकवासल्यात जवळपास जागाच उरत नाही. २५ जुलै २०२४ रोजी सुमारे ३५ हजार क्युसेकचा (सेकंदाला घनफूट) विसर्ग करावा लागला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. त्या वेगाने काठोकाठ भरलेले खडकवासला साधारण साडेपंधरा तासांत रिते होईल, यावरून तिथल्या अभियंत्यांच्या हाती किती थोडा अवधी असतो, हे कळते. पुरासाठी जागा मोकळी ठेवावी, तर पावसाने ऐन वेळी ओढ दिल्यास पुढचा उन्हाळा अवघड जातो. धरणे लवकर भरून घ्यावीत, तर विसर्ग अचानक वाढवावा लागतो.

पावसाळ्यानंतरचे नियोजन १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर ठरते. कालवा सल्लागार समिती आधी पुढच्या १५ जुलैपर्यंतचे पिण्याचे पाणी राखून ठेवते आणि उरलेल्यातून रब्बी व उन्हाळी आवर्तनांची आखणी करते. २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम दिला आणि २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले, त्यामुळे कोट्याच्या भांडणाला दाद मागण्याची जागा मिळाली. पण अग्रक्रमाचा लाभ घ्यायला कोणी तरी दावेदार लागतो. शहराच्या वतीने महापालिका आहे, सिंचनाच्या वतीने आमदार आणि पाणी वापर संस्था आहेत. नदीपात्रात बारमाही किती पाणी सोडायचे, हे मात्र आवर्तनाच्या कागदावर येत नाही. कृष्णा खोऱ्याच्या दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये किमान प्रवाहाचा विचार केला खरा, पण तो निवाडा राज्यांच्या न्यायालयीन वादात अडकून पडला.

शेजारच्या मुळेची कथा आणखी टोकाची आहे. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहानंतरही मुळशीचे धरण झालेच आणि त्याचे पाणी वीजनिर्मितीसाठी घाट उतरून कोकणात जाते. त्यामुळे पुण्यात मुळा-मुठेच्या संगमावर येणाऱ्या दोन्ही नद्या वरच्या अंगाला अडवलेल्या आहेत.

ऑक्टोबरनंतर विठ्ठलवाडीपासून संगमापर्यंत मुठेत जे वाहते, ते मुख्यतः शहराने वापरून सोडलेले सांडपाणी असते आणि पुढे ते भीमेतून उजनीच्या जलाशयात जाते. महापालिकेला ११.५ टीएमसी पाणी मंजूर करताना त्या बदल्यात ६.५ टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी शेतीला देण्याचे ठरले होते आणि त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल (नदीतून पाणी उपसण्याची विहीर) बांधून ते पाणी उचलून कालव्यात सोडले जाऊ लागले. आता वाद आहे तो हे पाणी पुरेसे शुद्ध आहे का आणि ठरल्याइतके मिळते का, एवढाच.