कलंडलेल्या प्रत्येक वाटीचा हिशेब

नाशिक परिसरातील द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबर छाटणीनंतर आलेला अवकाळी पाऊस नेमका किती झाला हे कळणे गरजेचे असते, कारण केवडा रोगावरील फवारणीचा निर्णय त्यावर अवलंबून असतो. बागेतील स्वयंचलित पर्जन्यमापकात दोन छोट्या वाट्या असतात. ठरावीक पाऊस, समजा ०.२ मिलिमीटर, साचला की एक वाटी कलंडते, तिच्यासोबतचे चुंबक स्विचजवळून सरकते आणि संगणकाच्या पिनवरील विद्युतदाब क्षणभर बदलून पूर्ववत होतो.

हा क्षण प्रोग्रॅमला कळावा कसा? पिन सतत वाचत राहावे, तर प्रोसेसर विनाकारण राबतो. थांबून थांबून वाचावे, तर मधल्या वेळात वाटी कलंडून गेलेली असते. म्हणून लिनक्स या संगणक प्रणालीमध्ये प्रोग्रॅम कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, ‘बदल झाला की उठव’ असे सांगून झोपी जातो. विद्युतदाब बदलताच हार्डवेअर इंटरप्ट, म्हणजे हातातले काम थांबवणारा इशारा, देते आणि कर्नल प्रोग्रॅमला जागे करते.

मात्र उठवल्यावर त्याच्या हाती काय द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. २००८ मध्ये पाया घातल्या गेलेल्या जुन्या पद्धतीत प्रोग्रॅमला एका फाइलमधून पिनची फक्त त्या घडीची स्थिती वाचता येत असे. नाशिकमधील रामकुंडाजवळची दुतोंड्या मारुतीची मूर्ती गोदावरीचे पाणी आता कुठवर आले आहे ते दाखवते; रात्रीतून ते कितीदा चढले-उतरले, हे सकाळी पाहणाऱ्याला त्यावरून समजत नाही. जुन्या पद्धतीची अडचण हीच होती.

२०१६ च्या ४.८ आवृत्तीपासून कर्नल प्रत्येक बदलाची स्वतंत्र नोंद रांगेत ठेवू लागले: दाब चढला की उतरला, आणि केव्हा, तेही नॅनोसेकंदांत. प्रोग्रॅम उशिरा उठला तरी नोंदी त्याची वाट पाहत असतात. डिसेंबर २०२० मधील ५.१० आवृत्तीने स्विचच्या पात्यांची थरथर गाळण्याची सोय दिली, जिच्याअभावी एकच कलंडणे चार-पाच वेळा मोजले जाऊ शकते.

माझ्या मते त्याच आवृत्तीपासून प्रत्येक नोंदीला मिळणारे अनुक्रमांक अधिक मोलाचे आहेत. रांग भरून वाहू लागली की कर्नल सर्वांत जुनी नोंद टाकून देते, पण क्रमांकातील खंड लपत नाही. दाब चढल्याच्याच नोंदी मागितल्या असतील आणि ४१ नंतर थेट ४५ आला, तर तीन नोंदी, म्हणजे ०.६ मिलिमीटर पाऊस, बेरजेत मिळवायचा राहिला आहे.