लॅक्टेज
दुधातली साखर, म्हणजेच दुग्धशर्करा किंवा लॅक्टोज, फोडून तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करणारे विकर. ते लहान आतड्याच्या अस्तरातील पेशी तयार करतात. लॅक्टोज आहे तसे रक्तात शोषले जात नाही, ते आधी फुटावेच लागते.

तान्ह्या बाळात लॅक्टेज भरपूर असते. अंगावरचे दूध सुटल्यावर जगातील बहुसंख्य माणसांत ते उतरणीला लागते. सस्तन प्राण्यांची ही नेहमीची रीत. तिला आजार म्हणणे चूक. मोठेपणीही लॅक्टेज टिकते ते 2 क्रमांकाच्या गुणसूत्रावर, त्याच्या जनुकाजवळ, झालेल्या लहानशा बदलामुळे. भारतात हा बदल वायव्येकडे अधिक, दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी आढळतो.

विकर कमी पडले की न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते आणि तिथले जीवाणू ती आंबवून वायू करतात. पोट गुडगुडते, फुगते, कधी जुलाब होतात. ‘मला दूध सोसत नाही’ म्हणतात ते बहुधा हेच. दुधाची ॲलर्जी निराळी, ती प्रथिनांची. शिवाय 12 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण पेलाभर दूध, बरेच जण एका वेळी निभावून नेतात. चहाला घाबरण्याचे कारण सहसा नसते.

कोकण किनाऱ्यावर कालवणाला, सोलकढीला, घावनांबरोबरच्या रसाला ‘दूध’ लागते ते नारळाचे, आणि त्यात लॅक्टोज मुळीच नाही. याचे कारण मात्र आतड्यात शोधू नये: माड दारातच असतो, तर कोकण कपिला ही इथली गाय लहान चणीची, बेताचे दूध देणारी. ताकाची गोष्ट वेगळी. विरजणातले जीवाणू थोडी दुग्धशर्करा आधीच संपवतात आणि उरलेली फोडायला त्यांचेच विकर आतड्यात कामी येते; म्हणून दूध बाधणाऱ्यालाही ताक चालते. खरवसाच्या चिकातही लॅक्टोज नेहमीच्या दुधापेक्षा कमी, अर्थात त्यात वरून दूध वाढवले नाही तर. माशांवर दूध पिऊ नये हा दंडक घरोघरी आहे. तो मोडून पोट बिघडले तर बोल बांगड्याला लागतो, दुधाकडे कोणी बघत नाही.

दूध सोडणाऱ्याने कॅल्शियमची सोय पाहावी. 100 ग्रॅम नाचणीत ते सुमारे 340 मिलिग्रॅम असते; सालासकट खाल्ला जाणारा सुका जवळाही उपयोगी.

निदानासाठी लॅक्टोज पाजून श्वासातला हायड्रोजन मोजतात. कारखान्यांत लॅक्टेज यीस्ट व बुरशीपासून काढतात. ते घालून केलेले लॅक्टोजमुक्त दूध साखर न टाकताही किंचित गोड लागते, कारण ग्लुकोजची गोडी लॅक्टोजपेक्षा जास्त.