इंग्रजी कादंबरीची सोपी आवृत्ती घेण्याआधी

जिंतूर, पाथरी, गंगाखेडहून आमच्या परभणीच्या दुकानात येणाऱ्या पालकांची मागणी बहुधा एकच असते: "पोराचं इंग्रजी सुधरंल असं एखादं पुस्तक द्या." मग हात जातो तो नाव ऐकलेल्या जुन्या कादंबरीकडे. ती स्वस्तही मिळते. पण आठ दिवसांत ती कपाटात जाऊन पडते.

'ट्रेझर आयलंड'चंच बघा. स्टीव्हन्सनची ही खजिन्याची गोष्ट १८८३ साली पुस्तकरूपात आली. गोष्ट अशी, की सातवीतलं पोरगं जेवायचं विसरेल. मात्र मूळ पुस्तकाचं पहिलंच वाक्य सुमारे ९० शब्दांचं आहे, आणि गोष्ट सांगणारा 'आय' त्यात येतो तो जवळपास ५० शब्द उलटून गेल्यावर! मराठी माध्यमाचं मूल तिथंच अडतं, यात त्याचा काहीच दोष नाही. सोप्या आवृत्तीत असली वाक्यं तोडून लहान करतात, अवघड शब्दांच्या जागी रोजचे घालतात, आणि नवा शब्द आलाच तर तो पुढं पुन्हा पुन्हा भेटेल असं बघतात. नकाशा, बेट, खलाशी, दगाफटका सगळं जागच्या जागी राहतं.

ही पद्धत रुजवण्यात मोठा वाटा मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाचा. १९२०च्या दशकात ढाक्यात बंगाली मुलांना शिकवताना त्यांच्या लक्षात आलं, की वाचनाच्या पुस्तकांत नव्या शब्दांची फार गर्दी होते. म्हणजे हा प्रयोग आपल्यासारख्याच, घरात इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांसाठी झाला. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता पायऱ्या, म्हणजे सोप्या पुस्तकांच्या अवघडपणाच्या पातळ्या. ऑक्सफर्डच्या 'बुकवर्म्स' मालेत सुरुवातीची पायरी २५० शब्दांची, पहिली ४०० ची, दुसरी ७०० ची, तिसरी १,००० ची, आणि चढत चढत सहावी २,५०० शब्दांची. हे पुस्तकातले एकूण शब्द नव्हेत. तेवढे वेगवेगळे शब्द येत असले की पुस्तक वाचता येतं, असा त्याचा अर्थ. गो, वेन्ट, गॉन हे मिळून एकच धरतात. दुसऱ्या प्रकाशकांच्या पायऱ्यांचे आकडे वेगळे असतात, तेव्हा नुसता पायरीचा क्रमांक बघून घेऊ नका.

मुखपृष्ठावर 'अब्रिज्ड' असेल तर जरा थांबा. अशा पुस्तकात गोष्ट कापून लहान केलेली असते, पण भाषा बहुधा मूळचीच, म्हणजे तेवढीच अवघड राहते. सर्वांत जास्त फसगत इथंच होते. शब्दसंख्या किंवा पायरी छापलेली आहे का, ते मागच्या पानावर नक्की बघा.

मुलाला सोबत आणा. मधलं कुठलंही पान उघडून साधारण शंभर शब्द वाचू द्या. दोन-तीन शब्द अडले तर पुस्तक बरोबर आहे. पाच-सहा अडले तर एक पायरी खाली उतरा. दहावीच्या मुलाला दुसऱ्या पायरीचं पुस्तक दिलं की काही पालक नाराज होतात. पण राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि तरीही पुष्कळ मुलांनी दहावीपर्यंत एकही इंग्रजी पुस्तक स्वतःहून वाचून संपवलेलं नसतं. आधी एक पुस्तक संपू द्या. 'मी अख्खं वाचलं' असं म्हणताना मुलाचा चेहरा बघा, मग पुढची पायरी तेच मागतं.

घरी वाचताना प्रत्येक शब्दाला डिक्शनरी नको. अडलेला शब्द पेन्सिलीनं खुणावून पुढं जावं. दोन-चार पानांत बहुतेकदा त्याचा उलगडा होतो. प्रश्नोत्तरं लिहून घेण्याचा आग्रह तर मुळीच धरू नका. शक्य असेल तर सोबतचा ऑडिओ ऐकत वाचू द्या, उच्चार आपोआप कानावर पडतात.

बी.ए. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना मात्र आम्ही स्पष्ट सांगतो: अभ्यासक्रमात कादंबरी असेल तर मूळच वाचावी लागेल. सोपी आवृत्ती आधी वाचली तर पात्रं आणि घटना डोक्यात बसतात, एवढाच तिचा उपयोग. परीक्षेत लेखकाच्या भाषेबद्दल विचारतात, आणि सोप्या आवृत्तीत ती भाषा लेखकाची नसते.

पायरी चुकली असं घरी गेल्यावर वाटलं, तर पुस्तक न मळवता आठवडाभरात आणा, आम्ही बदलून देऊ. पेन्सिलीच्या खुणा असल्या तरी चालतील.