जुना रिमोट आणलाय काय?

बेळगावच्या खडेबाजारात नाहीतर निपाणीच्या पेठेत युनिव्हर्सल रिमोट मागा. टीव्ही कुठल्या कंपनीचा हे दुकानदार सावकाश विचारतो. आधी विचारतो, "जुना रिमोट आणलाय काय?" गिऱ्हाईक म्हणतं, "कंपनीचं नाव सांगतो की!" दुकानदार मान हलवतो. नुसत्या नावावर रिमोट जुळेलच याची खात्री त्याला देता येत नाही, आणि त्यामागे खरोखरच विज्ञान आहे.

आपल्याकडे हल्ली साध्या घरातसुद्धा शोकेसमध्ये तीन रिमोट असतात: टीव्हीचा, केबलच्या किंवा डिशच्या बॉक्सचा ("सेटअप बॉक्स" म्हणतात तो) आणि होम थिएटरचा. आज्जीला मराठी मालिका लावायची असते, नातवाला क्रिकेट, कुणाला कन्नड बातम्या. चॅनल बॉक्सच्या रिमोटनं बदलायचं, आवाज होम थिएटरच्या रिमोटनं वाढवायचा आणि टीव्ही तिसऱ्यानंच बंद करायचा. एकाच रिमोटात हे सगळं आणता येतं. पण तो 'सेट' करायला बसलं की कुणाचा आवाज चालतो तर चॅनल चालत नाही, कुणाचा टीव्ही लागतो तेव्हा बॉक्स बंद होतो. ही गाऱ्हाणी वेगवेगळी दिसली तरी बहुतेकांचं मूळ एकच असतं. साध्या रिमोटला फक्त बोलता येतं, ऐकू काही येत नाही. टीव्ही चालू आहे की बंद, आज्ञा पोचली की नाही, यातलं त्याला काहीच कळत नाही.

तो बोलतो ते अवरक्त प्रकाशात. आपल्याला दिसणाऱ्या लाल रंगाच्या पलीकडेही काहीतरी असतं, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली दाखवलं. लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात लाल रंगाच्या बाहेर, जिथं डोळ्याला अंधार दिसत होता, तिथं त्यांनी तापमापक ठेवला आणि पारा चढला. रिमोटच्या टोकाला असलेला छोटा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा असाच प्रकाश टाकतो. डोळ्याला तो दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्याला बहुधा दिसतो. सेल्फीचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी बरेचदा जास्त कडक असते, म्हणून सेल्फीचाच बरा.

रिमोट 'सेट' करायच्या कोडांच्या मागे लागण्याआधी ही चाचणी करून घ्यावी, कारण निम्मे 'बिघडलेले' रिमोट सेलमुळे गप्प झालेले असतात, असा माझा तरी अंदाज आहे. एलईडी पेटण्याच्या क्षणी सेलमधून एकदम मोठा प्रवाह खेचला जातो. दमलेल्या सेलना तो देता येत नाही, म्हणून रिमोट आधी लांबून चालेनासा होतो आणि मग जवळूनही. ठरावीक बटणंच अडत असतील तर दोष रबराच्या गादीचा. प्रत्येक बटणाखाली कार्बनचा काळा ठिपका असतो. तो सर्किटवरच्या दोन पट्ट्या जोडतो तेव्हा आज्ञा निघते. खानापूर भागातल्या पावसाळी दमटपणानं आणि जेवता जेवता लागलेल्या तेलकट बोटांनी तिथं थर साचतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसलं की बरेचदा काम होतं. रिमोटवर चढवलेलं प्लॅस्टिकचं कव्हर अवरक्त प्रकाशाला फारसं अडवत नाही, शोकेसची साधी काचही नाही. (कव्हर काढायला सांगितलं तरी कुणी काढत नाही, हा भाग वेगळा.)

आता खरी अडचण. खोलीत अवरक्त प्रकाश फक्त रिमोटचा नसतो. ऊन, पिवळा बल्ब, चुलीतला निखारा, सगळेच तो टाकत असतात. त्यातून टीव्हीला नेमका रिमोट कसा सापडतो? रिमोट आपला प्रकाश नुसता लावत-विझवत नाही. लावलेल्या प्रत्येक क्षणात तो सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा, म्हणजे ३८ किलोहर्ट्‌झ वेगानं, लुकलुकवतो. टीव्हीतला सेन्सर तेवढ्याच तालाला कान देतो. गणपतीच्या मिरवणुकीत सगळा गोंगाट चालू असताना आपल्या गल्लीच्या झांजपथकाचा ठेका बरोबर ओळखू यावा, तसंच हे. उन्हाचा झोत स्थिर असतो, त्याला ताल नसतो, म्हणून तो गाळला जातो. जुन्या सीएफएल दिव्यांचा प्रकाश मात्र स्वतःच हजारो वेळा थरथरतो. त्यांच्याखाली काही टीव्ही रिमोटला दाद देत नसत, ते यामुळे.

या तालावर बसवलेली भाषा कंपनीगणिक निराळी असते. खूप वापरात असलेली एक भाषा एनईसी या जपानी कंपनीच्या नावानं ओळखली जाते. तिच्यात आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, आणि त्यानंतर ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ खुणा, येतात. प्रत्येक बिटाचा झोत सारखाच, सुमारे ०.५६ मिलिसेकंदाचा. फरक असतो तो पुढच्या थांब्यात. तेवढाच आखूड थांबा आला तर शून्य, तिप्पट लांब आला तर एक. ३२ पैकी आठ बिट यंत्राचा पत्ता सांगतात, आठ बिट आज्ञा सांगतात आणि उरलेल्या सोळांत हेच दोन्ही आकडे उलटे करून पुन्हा पाठवलेले असतात. उलट-सुलट जुळलं नाही तर टीव्ही आज्ञा सोडून देतो. हे सगळं ६७.५ मिलिसेकंदांत आटोपतं. बटण दाबूनच धरलं तर पूर्ण वाक्य पुन्हा येत नाही, 'तेच पुढे चालू' अशी छोटी खूण दर १०८ मिलिसेकंदांनी येत राहते. सोनीची भाषा वेगळी, तिचा ताल ४० किलोहर्ट्‌झ. फिलिप्सनं आणलेली आरसी-५ ही आणखी वेगळी, ३६ किलोहर्ट्‌झची.

यातला 'पत्ता' हा शब्द फसवा आहे. तो तुमच्या टीव्हीचा नसतो, त्या प्रकारच्या सगळ्या टीव्हींचा असतो. केबलवाल्यानं अख्ख्या गल्लीला एकाच जातीचे बॉक्स दिलेले असतात. वाटणी झालेल्या जुन्या घरात दोन भावांच्या खोल्यांची दारं समोरासमोर असली, की थोरल्याच्या रिमोटनं धाकट्याकडचं चॅनल बदलतं. यात भांडण्यासारखं काही नाही. दार लोटून घ्यावं किंवा सेन्सरवर कागदी चिकटपट्टीचे एक-दोन थर द्यावेत, म्हणजे त्याला लांबचं ऐकू येत नाही.

बाजारातला स्वस्त युनिव्हर्सल रिमोट म्हणजे अशा शेकडो भाषा नि पत्ते पोटात भरलेली चिप. सोबतच्या कागदावर कंपनीच्या नावापुढे तीन-चार आकडी कोड छापलेले असतात. साधारण रीत अशी: टीव्ही सुरू ठेवायचा, रिमोटवरचं 'टीव्ही' बटण निवडायचं, 'सेट' बटण दिवा स्थिर पेटेपर्यंत दाबून धरायचं, मग कोड टाकायचा. दिवा विझला की टीव्हीकडे धरून बघायचं. कोड सापडत नसेल तर आपोआप शोधण्याची सोय असते. रिमोट एकामागून एक भाषेत 'बंद हो' म्हणत जातो आणि टीव्ही बंद झाला की तुम्ही लगेच बटण दाबून त्याला तिथंच थांबवायचं. टीव्ही बंद झालेला रिमोटला दिसत नाही, म्हणून शेवटचं ते बटण तुम्हालाच दाबावं लागतं. हात सावध ठेवा, नाहीतर तो पुढच्या कोडवर निघून जातो.

टीव्ही बंद झाला म्हणजे कोड बरोबर, असं मात्र समजू नका. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांत पॉवरची आज्ञा सारखी आणि मेनूची वेगळी असू शकते. आवाज, म्यूट, मेनू आणि इनपुट बदलायचं बटण हे चारही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुकानदाराच्या प्रश्नाचं कारणही इथंच आहे. बाहेर नाव एकाचं आणि आत बोर्ड (टीव्ही चालवणारं सर्किट) दुसऱ्याचा, असे टीव्ही खूप आहेत. स्थानिक नावांनी विकले जाणारे कितीतरी स्वस्त एलईडी टीव्ही मोजक्याच प्रकारच्या तयार बोर्डांवर चालतात. शिवाय नामांकित कंपनीच्या टीव्हीचा बोर्ड जळला की मेकॅनिक त्यात युनिव्हर्सल बोर्ड बसवून देतो. त्या दिवसापासून टीव्हीची भाषा बदलते, कंपनीच्या नावापुढचे सगळे कोड वाया जातात. जुना रिमोट हातात आला की दुकानदार त्याची बटणं कशी मांडलीत यावरून बोर्ड ओळखतो.

कोड कुठंच सापडला नाही तर शिकणारा रिमोट, म्हणजे लर्निंग रिमोट, घ्यावा. ॲपलवाल्या स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी १९८७ साली 'कोर' नावाचा असाच रिमोट काढला होता. आता ती सोय डिशच्या कित्येक रिमोटांवरही, टीव्हीच्या तीन-चार बटणांपुरती, आलेली आहे. दोन्ही रिमोट टेबलावर डोक्याला डोकं लावून, दोन-चार सेंटिमीटर अंतर सोडून ठेवायचे. नव्याला शिकण्याच्या अवस्थेत घालायचं, त्याचं हवं ते बटण दाबायचं, मग जुन्याचं तेच बटण एकदाच, नेमकं दाबायचं. जुन्यात ताजे सेल हवेत, आणि टेबल खिडकीच्या उन्हात नको. समोरून आलेले झोत आणि थांबे मोजून नवा रिमोट ते साठवतो. अर्थ त्याला कळत नाही, कळायची गरजही नसते.

पण अर्थ न कळता केलेली नक्कल कधी कधी अडते. आरसी-५ भाषेत एक बिट असा असतो, जो दर नव्या दाबण्याला उलटतो. त्यावरून टीव्हीला कळतं की बटण दोनदा दाबलं की एकदाच लांब धरलं. शिकलेल्या रिमोटात हा बिट गोठून जातो. ११ नंबरचं चॅनल लावायला १ दोनदा दाबलं, तर टीव्हीला तो एकच लांब १ वाटू शकतो. एसीचं तर आणखी विचित्र. एसीचा रिमोट 'एक अंश वाढव' असं म्हणतच नाही. प्रत्येक वेळी तो सगळी स्थिती नव्यानं सांगतो: २४ अंश, कूल, पंखा मध्यम, झडप हलती. त्याचं 'वाढव' बटण शिकवलंत तर प्रत्यक्षात तुम्ही एकच ठराविक तापमान शिकवलेलं असतं. म्हणून एसीसाठी नक्कल न करता त्याचा कोड पोटात असलेलाच रिमोट लागतो.

सगळ्यात जास्त वैताग देतं ते 'एका बटणात सगळं चालू'. एक बटण दाबलं की टीव्ही, बॉक्स, होम थिएटर तिन्हींना पॉवरची आज्ञा जाते. आज्ञा 'चालू हो' अशी नसते, 'आहेस त्याच्या उलट हो' अशी असते. पावसाळ्यात लाईट जाते, येते. परत आल्यावर बॉक्स आपोआप सुरू होतो, पण पुष्कळ टीव्ही लाल दिवा लावून झोपलेलेच राहतात. आता ते एक बटण दाबलं की टीव्ही लागतो आणि बॉक्स बंद पडतो. पुन्हा दाबा, टीव्ही बंद आणि बॉक्स चालू. घरातून हाक येते, "टीव्ही लागेना की रे, बघ की जरा!" यावर साधा इलाज म्हणजे तिन्ही पॉवर बटणं वेगळी ठेवणं. काही टीव्हींना 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' अशा स्वतंत्र आज्ञाही कळतात. मूळ रिमोटवर त्यांची बटणं नसतात, चांगल्या युनिव्हर्सल रिमोटच्या कोडांत मात्र त्या सापडतात.

खरं ऐकणं-बोलणं हवं असेल तर ते एचडीएमआय केबलमध्ये आहे. तिच्या १३ नंबरच्या पिनेवरून सीईसी नावाची व्यवस्था चालते. जोडलेली यंत्रं तिच्यावरून एकमेकांना आपली स्थिती सांगतात, विचारतात. टीव्ही बंद केला की साउंडबार स्वतःच बंद होतो, टीव्हीच्या रिमोटनं त्याचा आवाजही हलतो. वेगळा रिमोट घ्यायचीच गरज उरत नाही. टीव्हीच्या मेनूत ही सोय सॅमसंगवाल्यांनी ॲनीनेट प्लस, एलजीनं सिम्पलिंक आणि सोनीनं ब्राव्हिया सिंक अशा नावांनी ठेवली आहे, आणि ती बंद असली तर आपल्यालाच सुरू करावी लागते. बॉक्स अजून पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही वायरीनं जोडलेला असेल, तर त्या वायरीतून हे काहीच जात नाही.

फायर टीव्हीसारख्या स्टिकला अवरक्त रिमोट मुळीच लागू पडत नाही. ती ब्लूटूथवर चालते, टीव्हीच्या मागे लपलेली असते आणि तिला अवरक्त प्रकाश ओळखणारा सेन्सरच नसतो. गंमत म्हणजे तिच्या नव्या रिमोटात टीव्हीचा आवाज नि पॉवर सांभाळायला वेगळा अवरक्त एलईडी दिलेला असतो. अशा घरात स्टिकचाच रिमोट हातात ठेवून टीव्हीची कामं त्याच्याकडे सोपवणं सोपं. ज्यांच्या फोनच्या वरच्या कडेला अवरक्त एलईडी आहे, शाओमी-रेडमीच्या बऱ्याच फोनांना तो असतो, त्यांनी दुकानात जाण्याआधी फोनमधल्या रिमोट ॲपवर कंपनीचे कोड एकेक करून पाहावेत. टीव्हीनं दाद दिली तर तो कुठली भाषा बोलतो हे फुकटात कळतं.