पॅनल पंचवीस वर्षांचं, करार पाच वर्षांचा

डिसेंबरात हरभऱ्याचं ओलित सुरू असताना आभाळ आलं, की सौरपंपाचा एक हमखास अनुभव वावरात येतो. पॅनलची वीज मोटरला पुरवणाऱ्या कंट्रोलरचा दिवा लागलेला असतो, पडद्यावर आकडे हलत असतात, म्हणजे मोटर फिरते आहे. पण पाइपातून थेंब येत नाही. मशीन बिघडली असं धरून तक्रार नोंदवली जाते. मेकॅनिक येतो त्या दिवशी लख्ख ऊन असतं आणि पंप मस्त पाणी फेकत असतो.

यात बिघाड काहीच नसतो. पंपाचा वेग कमी झाला की पाण्याचा प्रवाह त्याच प्रमाणात कमी होतो, पण पाणी वर उचलण्याची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि लागणारी वीज घनाच्या प्रमाणात. ऊन अर्धं झालं की मोटरचा वेग साधारण 80 टक्क्यांवर येतो. कंट्रोलरवर 50 हर्ट्झच्या जागी 40 दिसतात ते यामुळेच. पूर्ण वेगात जास्तीत जास्त 60 मीटर पाणी उचलणारा पंप या वेगाला 38 मीटरच उचलू शकतो. बोअरमधलं पाणी 40 मीटरवर असेल तर मोटर फिरत राहते, पाणी मात्र तोंडापर्यंत पोचत नाही. अर्ध्या उन्हात अर्धं पाणी मिळेल हा आपला हिशेब इथे चुकतो.

हे समजायला दहावीचं गणित पुरतं. ते समजलेलं एखादं पोरगं गावात असेल तर तक्रारीतले दिवस वाचतात, आणि पंप घेतानाच पाण्याची खोली उन्हाळ्यातली धरायची की पावसाळ्यातली, हा प्रश्न वेळेवर विचारला जातो.

जगाच्या ऊर्जाबदलात, म्हणजे कोळसा सोडून सूर्य-वाऱ्याच्या विजेकडे जाण्यात, तरुणांचा सहभाग म्हटलं की डोळ्यांसमोर मोर्चे आणि परिषदा येतात. त्यांचं मोल मला मोठं वाटतं. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलईच्या विनिशा उमाशंकर या शाळकरी मुलीनं जगाच्या नेत्यांसमोर भाषण केलं. कोळशाच्या इस्त्रीऐवजी सौरऊर्जेवर चालणारी इस्त्रीची गाडी तिनं कल्पिली होती. 2023 मध्ये दुबईच्या परिषदेत 2030 पर्यंत अक्षय ऊर्जेची जागतिक क्षमता तिप्पट करण्याचं ठरलं. मुळात प्रकाशातून वीज निर्माण होते हे 1839 मध्ये ज्यानं पहिल्यांदा दाखवलं, तो फ्रान्सचा एडमंड बेकरेल तेव्हा 19 वर्षांचा होता. म्हणजे या विषयात तरुण पहिल्या दिवसापासून आहेत. पण तिप्पट क्षमता ठरावातून उभी राहत नाही. ती कोणाच्या तरी धुऱ्यावर उभी राहते, आणि तिथे ती चालू ठेवणारा माणूस लागतो.

विदर्भातल्या तरुणाला दिवसाच्या विजेचं महत्त्व कोणी पटवून द्यायची गरज नाही. शेतीला रात्रीची लाईन असली की घरातल्या तरण्या पोरालाच बॅटरी घेऊन वावरात जावं लागतं. अंधारात साप, रानडुकरं, ओल्या जागेतली उघडी वायर, सगळं त्याच्याच वाट्याला येतं. दिवसाच्या विजेसाठी सौरपंप देणारी केंद्राची पीएम-कुसुम योजना 2019 ची. राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना 2024 मध्ये आली. तिच्यात सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला 5 टक्के हिस्सा भरावा लागतो. पाच एकरांपर्यंतच्या वावरात 3 किंवा 5 एचपीचा पंप येतो, त्याहून मोठ्या वावरात साडेसातचा. सोबत पाच वर्षांची देखभाल आणि विमा असतो.

पॅनलचं आयुष्य साधारण 25 वर्षांचं धरतात. पाच वर्षं कंपनीची, मग उरलेली वीस कोणाची? या प्रश्नाला माझं उत्तर एकच आहे: गावातल्या आयटीआय झालेल्या पोरापोरींची. ती आजच तयार करायला हवीत. सौर यंत्रणा बसवायला शिकवणारं ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण 2015 पासून आहे, आयटीआयमध्ये विजतंत्रीचा ट्रेड तर घरोघरी माहीत आहे. पण पंप बसवायला दोन दिवस राबलेला पोरगा आणि पंप समजलेला पोरगा यांत फरक आहे.

सावलीचंच बघा. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवर तुरीच्या शेंड्याची सावली पडली तरी पूर्ण ओळीचा प्रवाह अडतो, पाणी चालू असताना पाइपावर पाय पडावा तसा. पॅनलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात, ते अडलेली ओळ वगळून बाकीचा प्रवाह पुढे जाऊ देतात. म्हणजे चार बोटं सावलीसाठी पॅनलचा तिसरा हिस्सा गमवावा लागू शकतो. जूनमध्ये पॅनलच्या दक्षिणेला तूर पेरली, की नोव्हेंबरात ती पुरुषभर होते आणि सूर्यही खाली उतरलेला असतो.

धुळीचंही तेच. सोयाबीन मळणीयंत्रातून निघालं, की कुटाराचा बारीक भुसा काचेवर बसतो. तो धुवायचा तर सकाळी, काच गार असताना. भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी मारलं तर तडा जाण्याची भीती. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर बोअरच्या पाण्यानं धुणं म्हणजे काचेवर क्षारांचा पांढरा थर चढवणं. तिथे पावसाचं साठवलेलं पाणी किंवा नुसता मऊ ओला फडका बरा.

आपल्याकडे ऊन जास्त म्हणून वीजही जास्त, हेही अर्धंच खरं. पॅनलवर छापलेली ताकद 25 अंश तापमानाला मोजलेली असते. चंद्रपूर-नागपुरात हवा 45 अंशांवर गेली की काचेखालचा सेल 65 ते 70 अंशांपर्यंत तापतो, आणि प्रत्येक अंशाला 0.35 ते 0.4 टक्के वीज घटते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी जवळपास सहावा हिस्सा नुसत्या तापण्यात गेला. म्हणून पॅनलखालून वारं खेळतं ठेवायचं. तिथे पऱ्हाट्यांची गंजी रचायची नाही.

पॅनल किती तिरकं ठेवायचं, त्या कलाचा विषय मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात पिकाची जाण आणि खगोलाची जाण एकत्र लागते. नागपूर 21 अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्यानंतर सूर्य इथे भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो, डिसेंबरात मात्र क्षितिजापासून जेमतेम 45 अंशांवर. आपल्याला पाणी हवं असतं ते गव्हा-हरभऱ्याला, म्हणजे नेमकं हिवाळ्यात. ज्या स्टँडला कल बदलण्याची सोय आहे, त्याचे बोल्ट दिवाळीनंतर सैल करून पॅनल दक्षिणेकडे अधिक उभं केलं, तर त्याच पॅनलमधून रब्बीला जास्त पाणी निघतं. पान्याचं काम आहे, पैसा लागत नाही.

एका बाबतीत मात्र घाई जिवावर बेतू शकते. पंपाची पॅनलं एका ओळीत जोडली की डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेचं व्होल्टेज काहीशे व्होल्टपर्यंत जातं. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते, म्हणून तिची ठिणगी विझते. डीसीची ठिणगी विझत नाही, ती जाळ धरून राहते. शिवाय ऊन आहे तोवर पॅनल ‘बंद’ होतच नाही. चालू पंपाचा कनेक्टर हातानं ओढायचा नाही. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलची वीज तोडणारा स्विच, मग हात. हे गावातल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ असावं असं मला मनापासून वाटतं.

हे काम फक्त पोरांचं नाही. वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातल्या कवठा (झोपडी) इथे बचत गटांच्या बायकांनी आयआयटी मुंबईच्या मदतीनं आधी सौर दिवे जोडले, मग पॅनल बनवण्याचा कारखाना उभा केला. दुसऱ्या बाजूला चंद्रपूर, वणी, उमरेडच्या कोळसा पट्ट्यात हजारो घरं खाणी आणि औष्णिक केंद्रांवर जगतात. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. तिथल्या कंत्राटी फिटरला, विजतंत्र्याला केबल, स्विचगिअर, मोटर यांचं ज्ञान आधीच आहे. ऊर्जाबदलाचं पहिलं प्रशिक्षण त्यांना मिळायला हवं, आणि तेही खाणी बंद होण्याआधी.

ज्यांच्या गावात पंप लागले आहेत त्या पोरांनी एक वही आतापासून घालावी. पॅनल, कंट्रोलर आणि मोटर यांचे अनुक्रमांक, बसवल्याची तारीख, देखभाल करार संपण्याची तारीख. मग दर तीन महिन्यांनी, पॅनल धुतल्यावर, स्वच्छ उन्हात दुपारी बाराला कंट्रोलरवर दिसणारे व्होल्ट, अँपिअर आणि हर्ट्झ. बहुतेक उत्पादक 25 वर्षांनीही पॅनल मूळ क्षमतेच्या साधारण 80 टक्के वीज देईल अशी हमी देतात. नवव्या वर्षीच पॅनल त्याच्या खाली गेलं आणि शेतकऱ्याला ते बदलून मागायचं झालं, तर आधीच्या आठ वर्षांचे आकडे त्याच्या हातात असायला हवेत.